सोपानबुवांच्या तबकडीची सुई

तळवड्याच्या भजनी मंडळानं कार्तिकात ज्योतीरामला पुण्याला धाडलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला एकच गोष्ट बजावली होती. बुवांचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे. बाकी काय आणायचं, कसलं आणायचं, ते तुझं तुला कळतं.

कळत होतंच त्याला. पिंपरीच्या एका कंपनीत तो साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूलरूमला होता. केसाएवढा फरक बोटाला जाणवणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी घरात कुणाचा ना कुणाचा रेडिओ उघडून बसलेला असायचा. मंडळाचा रेकॉर्ड प्लेयर त्याच्याच घरी फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेला असे आणि एकादशीच्या संध्याकाळी तेवढा देवळात जाई. त्यावर वाजायला तबकडी मात्र एकच होती. कीर्तनकार सोपानबुवांची.

सोपानबुवांना जाऊन सहा वर्षं झाली होती. निरूपण करता करता बुवा असे ऐकणाऱ्याच्या घरात शिरायचे, की वाटावं, हा माणूस काल आपल्या चुलीपाशी बसून गेला. देवाचं नाव घेताना त्यांचा गळा कधी भरून यायचा नाही. तो ऐकणाऱ्याचा यायचा. चिंचवडच्या एका भाविक कारखानदारानं हौसेनं त्यांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित करवलं आणि थोड्या तबकड्या काढून वाटल्या. त्यांतली गावात धड उरलेली ही एकच. ती बुवांच्या पत्नीकडं, चिमाबाईंकडं, देवघरात बुवांच्या फोटोला टेकून उभी असायची.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटाशेवटाला, बुवा एक चिमटा काढतात. "आमच्या घरी आमटीत मीठ पडतं चिमटीनं आणि माझ्या कानात शब्द पडतात पायलीनं." लोक हसतात, ते हसणंही तबकडीत आहे. कीर्तन झालं त्या वेळी या वाक्यावरून चिमाबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. आता दर एकादशीला त्या देवळातल्या खांबाला टेकून बसत, त्या या वाक्याची वाट बघत. ते आलं की पदर तोंडाला लावून म्हणत, "लबाड कुठला." मग उठून घरी जात. पुढचा गजर त्यांच्यासाठी नव्हताच.

तर त्या पावसाळ्यात प्लेयरचं कार्ट्रिज गेलं. दांडीच्या टोकाला एवढंसं डबडं असतं, त्यात सुई बसवलेली असते, तबकडीच्या चरीतून जो थरथराट येतो त्याचा आवाज तिथून सुरू होतो. दमट हवेनं ते आतून फुगलं आणि बुवा एका एकादशीला पाण्याखालून बोलावं तसं बोलून गप्प झाले. म्हणून ज्योतीरामची पुण्याची फेरी.

बुधवारातल्या गल्लीत भाट्यांचं दुकान होतं. भाट्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "तबकड्या कसल्या तुमच्या? मोनो का स्टीरिओ?"

"एकच आहे. मोनो. आठ वर्षांपूर्वीची."

"मग प्रश्नच मिटला." त्यांनी एक डबी पुढं सरकवली. "हे घ्या. मोनोचं आहे. दिसायला काही नाही, पण तुमचं काम हेच करील."

ज्योतीरामची नजर मात्र शेजारच्या डबीवर होती. भाट्यांनी ते पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"ते स्टीरिओचं. हे बघा, मोनो तबकडीत आवाज कोरलेला असतो तो फक्त आडवा. सुई डावीकडं-उजवीकडं हलते, तेवढाच आवाज. स्टीरिओत उभाही असतो, वर-खाली. मोनोचं कार्ट्रिज उभ्या हालचालीकडं ढुंकून बघत नाही. आणि धूळ, कण, जुना चरा सुईला काय करतात? वर उचलतात. म्हणजे जुन्या मोनो तबकडीला हे स्टीरिओचं लावलंत, तर गाणाऱ्याबरोबर सगळा कचराही ऐकत बसाल. सुईही याची बारीक, चरीच्या तळाशी जाऊन बसते. घाण असते ती तिथंच."

ज्योतीरामला हे एका दमात समजलं. टूलरूमच्या माणसाला आडवं आणि उभं दोनदा सांगावं लागत नाही.

पण आदल्या दिवाळीत चिंचवडला एका साहेबाच्या बंगल्यात तो वायरिंग दुरुस्त करायला गेला होता. साहेबानं सहज एक तबकडी लावली. डाव्या स्पीकरच्या पेटीतून सारंगी आली, उजवीतून तबला, आणि मधल्या रिकाम्या जागेत, जिथं काहीच नव्हतं, तिथं ती दोघं एकमेकांना भेटली. ज्योतीराम हातात पक्कड घेऊन तसाच उभा राहिला होता. घरी येऊन त्यानं दोन पेट्यांचा अॅम्प्लिफायर स्वतः जोडला. सारंगीची एक स्टीरिओ तबकडी आणून ट्रंकेत ठेवली. आता राहिलं होतं ते कार्ट्रिज, आणि कार्ट्रिज आणायला मंडळानंच त्याला विश्वासानं पाठवलं होतं.

"पुढंमागं मंडळ स्टीरिओही घेईल," तो म्हणाला.

"घेईल तेव्हा या. आज जी आहे तिचं बघा."

"नको. हेच द्या."

भाट्यांनी चष्मा खाली घेतला. "माझं काम सांगायचं," ते म्हणाले आणि स्टीरिओची डबी कागदात बांधली.

घरी आल्यावर त्यानं चिमाबाईंकडून तपासायला म्हणून तबकडी आणली आणि लावली. बुवा बोलू लागले, पण त्यांच्यामागं कुणीतरी सतत चणे भाजत होतं.

बायको कस्तुरा दारात येऊन उभी राहिली. "काय हो, बुवा पावसात उभं राहून कीर्तन करतायत का?"

"जुनी तबकडी आहे."

"आखाडीला पण जुनीच होती की."

त्यानं बुवांची तबकडी उतरवली. सारंगीची तबकडी काढून लावली. कस्तुरा ऐकत राहिली, मग हळूच दोन पेट्यांच्या मधोमध येऊन बसली. "हे मात्र छान आहे बाई," ती म्हणाली. तेवढ्यावर त्यानं स्वतःच्या मनाची समजूत घातली. माणसाचं मन समजूत घालून घ्यायला बसलं की त्याला फार कारणं लागत नाहीत. चरचर आहे थोडी, लोकांना सवय होईल. अगदीच वाटलं तर पुढच्या फेरीला मोनोचं आणू. चिमाबाईंना तबकडी परत देताना तो म्हणाला, "ठीक आहे मावशी," आणि बाहेरच्या बाहेर वळला.

मार्गशीर्षात बुवांची पुण्यतिथी आली. देवळात फोटो मांडला, समई लावली. नवीन कार्ट्रिज, नव्या दोन पेट्या, गाव लोटलं होतं. चिमाबाईंनी फोटोला बुक्का लावला. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, चिमूटभर बुक्का त्यांनी तबकडीलाही लावला. आवाज म्हणजे बुवाच की. बुक्का मधल्या कागदी गोलावरून चरींवर सांडला, तेव्हा त्यांनी तो ओल्या बोटानं आणि पदराच्या टोकानं पुसून घेतला. ज्योतीराम तेव्हा वायरी जोडण्यात होता. त्यानं पाहिलं, पण उशिरा.

सुई टेकली. दोन्ही पेट्यांतून चरचर सुटली, घरात वाजली होती त्याहून थोडी जास्त. लोक एकमेकांकडं बघू लागले.

पखवाजी सोनबा, तोंडाचा फटकळ, बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशे, बुक्का जरा जास्तीच लावलास. बुवाला ठसका लागला बघ."

चारजण हसले. चिमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ज्योतीरामकडं पाहिलं. यातलं कळणारा तोच एक होता.

"माज्या बुक्क्यानं झालं का रं?"

त्या क्षणी खरं सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. सगळं गाव समोर बसलेलं होतं, नव्या पेट्यांचं कौतुक अजून हवेत होतं. तो म्हणाला, "कण बारीक असतात, मावशी. चरीत बसले असणार."

खोटं नव्हतं ते. कण बसले होतेच. म्हणूनच ते त्याला पुढं तीन महिने गिळता येईना. साफ खोटं बोललेलं माणूस विसरतो तरी. यात खऱ्याचा एक तुकडा होता आणि तो घशात आडवा बसला होता.

ते मिठाचं वाक्य आलं तेव्हा चणे असे तडतडत होते, की 'मीठ' तेवढं कळलं, बाकी गेलं. चिमाबाई काही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या एकादशीला त्या आल्या, पण आत खांबाशी बसल्या नाहीत. बाहेर पायरीवर, चपलांपाशी बसल्या. त्याच्या पुढच्या एकादशीला आल्याच नाहीत. ज्योतीरामची वीणा घेण्याची पाळी होती. खांदा दुखतो म्हणून त्यानं ती दुसऱ्याच्या गळ्यात दिली. घरी कस्तुरा म्हणाली, "खांदा दुखतो म्हणता आणि सायकलवर ज्वारीचं पोतं आणता. कुणाला फसवताय?" सारंगीची तबकडी त्यानं पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली होती. एकदा लावून बघितली, तर मधल्या जागेत सारंगी आणि तबला भेटण्याऐवजी पायरीवर बसलेली म्हातारी दिसायला लागली.

माणूस चुकतो, देव त्याला वेळ देतो, आणि माणूस ती वेळ पुढं ढकलण्यात घालवतो. ज्योतीरामचं तसंच चाललं होतं. पुढच्या पगाराला पुण्याला जाऊ, गुपचूप कार्ट्रिज बदलू, कुणाला काही कळायचं नाही. पगार झाला, ओव्हरटाइम निघाला, राहून गेलं. फाल्गुनातल्या एकादशीच्या दोन दिवस आधी कंपनीतून येताना त्याला सोनबा भेटला.

"कळलं का राव? मावशी तबकडी देहूला न्हेऊन इंद्रायणीत सोडणार हाय. एकादशीला."

ज्योतीराम सायकलवरून उतरला. "का?"

"खंडित मूर्ती घरात ठेवत न्हाईत म्हनं, सोडावी लागती. माज्या हातानं खंडित झाली, तवा मीच सोडनार म्हनती." सोनबानं तंबाखू मळली. "खरंय तिचं बी. मीच त्या दिवशी उगं बोललो. तवापास्नं नीट जेवत न्हाई म्हातारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत रजा टाकून ज्योतीराम चिमाबाईंच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. त्या तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या, तो बसला नाही.

"मावशी, तबकडी तुमच्या बुक्क्यानं गेली नाही. ती गेलेलीच नाही. मी सुई चुकीची आणली. समजून-उमजून आणली. मला माझी एक दुसरी तबकडी ऐकायची होती, तिच्यासाठी. बुक्का लागायच्या आधीच ती माझ्या घरात चरचरत होती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

चिमाबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. मग त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी माया होती की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तू बुवाचा लाडका हुतास," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हनून माजं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला आलास व्हय? जा बाबा. जेवून जा."

"मावशी, खरं सांगतोय."

"त्या दिवशी सगळ्यांम्होरं तूच म्हनालास की, कन बसले म्हनून. तू खोटं कशाला बोलशील?"

शेवटी तो म्हणाला, "उद्या सोडायची तर सोडा. मी अडवणार नाही. आज माझ्याबरोबर पुण्याला चला. तबकडी घेऊन."

निगडीपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढं बस. चिमाबाईंनी तबकडी खणात गुंडाळून मांडीवर धरली होती, तान्ह्या पोराला धरावं तशी. धक्का बसला की वरून हात ठेवत. ज्योतीरामच्या खिशात स्टीरिओची डबी होती.

भाट्यांनी त्याला ओळखलं. चिमाबाईंना स्टूल दिलं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "चरचरतंय ना? मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. एकच तबकडी, तीही जुनी मोनो, तिला मोनोचंच लावा म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत."

"कवा सांगितलं हुतं?" चिमाबाईंनी विचारलं.

"घेतानाच, आजी. कार्तिकात. डबी पुढं केली होती यांच्या."

चिमाबाईंनी मान हलवली. ज्योतीरामकडं त्यांनी पाहिलं नाही. तो काउंटरच्या कडेवर बोट फिरवत उभा होता, लाकडाला किती बारीक चीर गेली आहे ते बघत. सकाळी त्यानं स्वतः सांगितलं होतं ते त्यांनी मानलं नव्हतं. आता परक्या माणसानं सांगितलं आणि मानलं. दोन्हींतलं जास्त काय लागलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

भाट्यांनी तबकडी उजेडात तिरकी धरली. "हे काळं काय?"

"बुक्का," चिमाबाई म्हणाल्या.

भाट्यांनी मऊ ब्रश घेतला आणि चरींच्या कडेकडेनं, गोल, हलक्या हातानं फिरवला. देवाची भांडी घासावीत तसं पाच मिनिटं चाललं होतं. मग त्यांनी आपल्या प्लेयरवर आधी ज्योतीरामनं बरोबर आणलेलं स्टीरिओचं लावलं. चणे भाजायला लागले. ते काढून मोनोचं लावलं. चणे थांबले, मागं थोडी भुशासारखी खसखस राहिली.

"अजून एक बघू," भाटे म्हणाले. "हेही मोनोच, पण याची सुई जरा जाड आहे. तुमच्या आधीच्या सुईनं चर जिथं घासली, त्याच्या थोडी वर बसेल. तिथं चर कोरी असते."

त्यांनी दोन लहान स्क्रू आवळले, तबकडी उलटली, आणि सुई बाहेरच्या कडेला न ठेवता आतल्या बाजूला, शेवटाजवळ ठेवली. बुवा दुकानात आले.

पावसात नव्हे, पाण्याखाली नव्हे. ओसरीवर येऊन उभे राहावेत तसे. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मागं टाळकऱ्याचा टाळ एकदा चुकून आधी वाजला, तेही कळलं. इतक्या वर्षांत ते कुणाला कळलं नव्हतं. "आमच्या घरी आमटीत मीठ पडतं चिमटीनं," बुवा म्हणाले आणि थांबले, नेहमी थांबायचे तेवढेच, "आणि माझ्या कानात शब्द पडतात पायलीनं." लोक हसले.

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण बोलल्या नाहीत. हसण्याच्या मध्येच एक कण टचकन बोलला.

"हा एखादा राहणार," भाटे म्हणाले. "आत रुतलाय. त्याला इलाज नाही."

"तो माजा," चिमाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तेवढा. हीच सुई द्या."

परतीच्या बसमध्ये पिंपरी मागं पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिकडंच बघत बोलल्या.

"तीन महिनं मी बुवाच्या फोटूकडं मान वर करून बगितलं न्हाई. दिवा लावायची आन् खाली बगून मागं फिरायची. म्हनायची, ह्या माणसाचं जगात एवढंच उरलं हुतं, ते बी मी खाल्लं."

ज्योतीरामनं पुढच्या सीटची दांडी धरली होती. "मावशी, मंडळाला उद्या मी सांगतो. सगळ्यांसमोर."

"सांग. सांगायलाच पायजे." मांडीवरची तबकडी सारखी करत त्या म्हणाल्या, "बुवा असता तर तुला जवळ घेतलं असतं. मी बुवा न्हाई. मला वेळ लागंल."

"हो," तो म्हणाला. याहून हलकी शिक्षा झाली असती तर त्याला पेलली नसती, असं त्याला वाटलं.

दोघं ज्योतीरामच्या घरी पोचले तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. कस्तुरानं चिमाबाईंना पाणी दिलं, चहा ठेवला. तिला नवऱ्याच्या तोंडाकडं बघून सगळं उमजलं असावं, कारण तिनं एकही टोमणा मारला नाही. ज्योतीराम नवीन कार्ट्रिज दांडीला बसवू लागला, तेवढ्यात चिमाबाई म्हणाल्या, "थांब. ती दुसरी कुटाय?"

"कोण?"

"जिच्यापायी केलंस ती. ती लाव आदी."

"मावशी, नको."

"मी म्हनते लाव."

त्यानं ट्रंक उघडली. स्टीरिओचं कार्ट्रिज पुन्हा बसवताना त्याच्या हातातून स्क्रू दोनदा निसटला. केसाएवढा फरक ओळखणारे हात ते. कस्तुरानं स्क्रू शोधून दिला. सुई टेकली. डावीकडून सारंगी आली, उजवीकडून तबला. चिमाबाई भिंतीशी बसल्या होत्या, त्या जराशा पुढं सरकल्या, मान आधी इकडं केली, मग तिकडं, कीर्तनात दोन्ही बाजूंच्या टाळकऱ्यांकडं बघावं तशी. डोळे मिटले. बाजू संपेपर्यंत उघडले नाहीत.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "लई चांगलं हाय. मला सांगायचं हुतंस, ज्योतीराम. मी म्हनाले असते, आन बाबा दोन्ही. मंडळाला मीच गप केलं असतं."

ज्योतीराम प्लेयरपाशी उकिडवा बसून राहिला. सुई आतल्या रिकाम्या गोलात फिरत होती, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. कस्तुरानं वाकून ती उचलली.